घरकर्ज विकले जाते, पण घरमालकाला कळवायची सक्ती कुणावरच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सांगली-सातारा भागात घरकर्ज म्हणजे बहुतेक घरांचा वीस वर्षांचा संसार असतो. हे कर्ज देणारी बँक ते कर्ज दुसऱ्याला विकू शकते आणि त्यासाठी कर्जदाराची वेगळी संमती घ्यावी लागत नाही, हे मात्र फार थोड्या घरांत माहीत असते. कर्ज घेताना सही केलेल्या करारात ‘हे कर्ज अन्य संस्थेकडे वर्ग करण्याचा बँकेला अधिकार राहील’ असे एक कलम असते. ते वाचले जात नाही. मग एक दिवस पोस्टाने एक पानी पत्र येते. पाठवणाऱ्याचे नाव कधी ऐकलेले नसते, नावात ‘ट्रस्ट’ असा शब्द असतो, आणि यापुढची सगळी रक्कम आमच्याकडे भरा, असा मजकूर असतो. काहींना तेही पत्र येत नाही. थेट वसुलीचा माणूस दारात उभा राहतो.

या विषयावर सविस्तर लिहिण्याचे कारण कायद्यातली एक उणीव आहे. कर्ज थकले तर न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊन विकण्याची मुभा बँकांना देणारा सरफेसी कायदा २००२ सालचा. बँकेने थकीत कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे बोलीत ज्याला एआरसी म्हणतात तिला, विकले तर कर्जदाराला कळवायचे की नाही, हे या कायद्याच्या कलम ६ ने बँकेच्या मर्जीवर ठेवले आहे. बँकेला ‘योग्य वाटल्यास’ तिने नोटीस द्यावी, असा त्या कलमाचा आशय. घरावर टाच आणण्याचे अधिकार नव्या मालकाकडे जातात, आणि घरात राहणाऱ्याला ते कळवणे मात्र ऐच्छिक राहते. ही गोष्ट आम्हाला अत्यंत अन्यायाची वाटते.

कर्ज विकले जाण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि त्यांची गल्लत होते. पहिला प्रकार नियमित, चालू कर्जाचा. बँक किंवा गृहवित्त कंपनी आपली चांगली कर्जे दुसऱ्या बँकेला किंवा वित्त कंपनीला गठ्ठ्याने देते. बहुतेक वेळा हप्ता गोळा करण्याचे काम जुनीच संस्था करत राहते, त्यामुळे कर्जदाराला फरक जाणवत नाही. रिझर्व्ह बँकेने २४ सप्टेंबर २०२१ रोजी यासाठी निर्देश काढले. दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचे कर्ज किमान सहा महिने स्वतःकडे ठेवल्याशिवाय विकता येत नाही, आणि विक्रीमुळे मूळ कराराच्या अटी बदलू नयेत, हे त्यात आहे. हे दुसरे वाक्य प्रत्येक कर्जदाराने लक्षात ठेवावे. दुसरा प्रकार थकीत कर्जाचा, ते एआरसीकडे जाते. एआरसी ही रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली कंपनी असते, देशात अशा कंपन्या तीसही नाहीत. ती कर्ज स्वतःच्या नावावर न घेता बहुधा एखादा ट्रस्ट करून त्याची विश्वस्त म्हणून घेते. पत्रावरचे अनोळखी नाव या ट्रस्टचे असते.

तिसरी गोष्ट विक्रीची नाही, पण लोक ती त्यातच धरतात. बँकेचा परवाना गेला की कर्ज बुडाले, असा समज पसरतो. कराड जनता सहकारी बँकेचा परवाना डिसेंबर २०२० मध्ये रद्द झाला. अशा वेळी ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, कर्जदाराचे देणे मात्र तसेच राहते. ते अवसायक, म्हणजे बंद बँकेचा कारभार आवरायला नेमलेला अधिकारी, वसूल करतो, बेबाकी दाखलाही त्याच्याकडूनच घ्यावा लागतो. हप्ता थांबवून बसलेल्या माणसावर व्याज चढत राहते.

पत्र आल्यावर काय करावे, हे नीट सांगायला हवे. पैसे भरण्याची घाई नको आणि पत्र कपाटात टाकणेही नको. आधी पत्रातल्या ट्रस्टची विश्वस्त कंपनी कोणती हे पाहावे आणि ती रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील नोंदणीकृत कंपन्यांच्या यादीत आहे का, ते तपासावे. नंतर आपल्या जुन्या शाखेत लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. अर्जात चार गोष्टी मागाव्यात: कर्ज कोणाला व कोणत्या तारखेच्या दस्ताने वर्ग केले, ‘कट-ऑफ’ तारीख कोणती, त्या तारखेचा पूर्ण खातेउतारा, आणि आपली मूळ कागदपत्रे कोणाच्या ताब्यात दिली त्यांची यादी.

कट-ऑफ तारखेवर थोडे थांबायला हवे, कारण सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो. कर्जाचा व्यवहार ज्या तारखेच्या बाकीवर ठरतो ती ही तारीख. दस्त त्यानंतर कधीतरी होतो आणि कर्जदाराला पत्र त्याहून उशिरा मिळते. या मधल्या काळात कर्जदार जुन्या बँकेत हप्ते भरतच असतो. नव्या मालकाच्या उताऱ्यात ते हप्ते दिसत नाहीत, आणि भरलेली रक्कम थकबाकी म्हणून मागितली जाते. कलम ६ प्रमाणे नोटीस दिलेली नसताना जुन्या बँकेने घेतलेले पैसे ती नव्या मालकाच्या वतीने, विश्वस्त म्हणून धरून असते. म्हणजे ती रक्कम पुढे पोहोचवणे तिचे काम, कर्जदाराने दुसऱ्यांदा भरायची नाही. पण हे सिद्ध करायला पावत्या लागतात. हप्त्याची नोंद असलेली बचत खात्याची पासबुके वीस वर्षे जपून ठेवा, असे आमचे कळकळीचे सांगणे आहे.

तारणाची नोंद ‘सेरसाई’ या केंद्रीय नोंदणी यंत्रणेत असते. तिथे नाममात्र शुल्क भरून कोणालाही शोध घेता येतो. आपल्या घरावर आज कोणाचा बोजा दिसतो हे त्यातून कळते. २४ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार ही नोंद नसेल तर कर्ज देणाऱ्याला सरफेसीखाली तारणावर कारवाई करता येत नाही. त्यामुळे नव्या मालकाने आपल्या नावाची नोंद केली आहे का, हे पाहणे केवळ माहितीपुरते नाही, उद्या बचावाचा मुद्दा तोच असू शकतो. क्रेडिट अहवालही, म्हणजे आपल्या नावावरील सर्व कर्जांची व फेडीची नोंद, काढावा. सिबिलसह चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात एकच कर्ज जुन्या आणि नव्या अशा दोन्ही नावांनी चालू दिसत असेल, तर दुरुस्तीची तक्रार लगेच करावी. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

आता व्याजदर. बँकांची बदलत्या दराची नवी घरकर्जे १ ऑक्टोबर २०१९ पासून बाह्य दराशी, बहुतेक ठिकाणी रेपो दराशी, जोडलेली असतात. गृहवित्त कंपन्यांना ते बंधन नाही, त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या संदर्भदराशी बांधलेला असतो. कर्ज बँकेकडून कंपनीकडे गेल्यावर ‘आता आमचा दर लागेल’ असे कोणी सांगितले, तर मूळ मंजुरीपत्र पुढे ठेवून विचारावे की कराराच्या अटी कोणत्या आधारे बदलल्या. फरक किती पडतो ते हिशेबाने पाहू. २० लाखांचे कर्ज, मुदत २० वर्षे, दर साडेआठ टक्के, तर हप्ता सुमारे १७,३५६ रुपये. दर साडेदहा झाला तर हप्ता सुमारे १९,९६८, म्हणजे महिन्याला २,६०० रुपयांवर जादा. ‘हप्ता तोच ठेवतो, मुदत वाढवतो’ असे गोड उत्तर मिळाले, तर धोका आणखी मोठा आहे. २० लाखांवर साडेदहा टक्क्यांनी एका महिन्याचे व्याजच १७,५०० होते. हप्ता त्याहून कमी, म्हणजे दर महिन्याला भरूनही मुद्दल वाढत जाणार. मुदत वाढवताना असे होऊ देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात बजावले आहे. त्याच परिपत्रकाने हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे निवडण्याचा हक्क कर्जदाराला दिला. बदलत्या दराच्या वैयक्तिक घरकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंडही नसतो. हप्ते नियमित असतील, तर दुसऱ्या बँकेकडे कर्ज नेण्याचा मार्ग खुला आहे.

दर बदलण्यापेक्षाही साध्या कारणाने चांगली खाती बिघडतात, ते कारण म्हणजे हप्त्याचा ईसीएस किंवा नॅच आदेश, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापून घेण्याची लेखी परवानगी. तो जुन्या बँकेच्या नावाने असतो. नवा मालक नवा आदेश मागतो, तो मंजूर व्हायला वेळ लागतो, आणि त्या महिन्याचा हप्ता कुठेच जात नाही. किंवा उलट, दोघेही कापून घेतात आणि तिसरा काहीतरी चेक त्यामुळे परत जातो. म्हणून नवा आदेश चालू झाल्याचा संदेश येईपर्यंत जुना रद्द करू नये, त्या दोन महिन्यांत खात्यात दोन हप्त्यांएवढी रक्कम ठेवावी, आणि पूर्वी दिलेले कोरे किंवा पुढच्या तारखांचे चेक क्रमांकासह लेखी परत मागावेत.

आणि विमा. कृष्णेच्या पुराची आठवण सांगलीकरांना सांगायला नको. २००५, २०१९, २०२१. घराच्या विम्यात बँकेच्या नावाचे कलम असते, नुकसानीची रक्कम आधी बँकेकडे जाते. कर्ज विकले गेले आणि पॉलिसीवर जुन्याच बँकेचे नाव राहिले, तर पुरानंतरचा दावा दोघांच्या मध्ये अडकतो. जुनी बँक म्हणते आमचा संबंध संपला, नवा मालक म्हणतो पॉलिसीवर आमचे नाव नाही. शामरावनगर, कर्नाळ रस्ता, गावभाग अशा पाणी येणाऱ्या भागातल्या घरमालकांनी कर्ज वर्ग झाल्याचे कळताच विमा कंपनीकडून नावबदलाची पुरवणी करून घ्यावी. कर्जाशी जोडलेल्या आयुर्विम्यालाही हेच लागू आहे. कर्ता माणूस गेल्यावर हा घोळ निस्तरणे घरच्यांना फार जड जाते.

थकलेल्या कर्जाचे गणित वेगळे. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होते. एकदा एनपीए झालेले खाते एखादा हप्ता भरून नियमित होत नाही, व्याज आणि मुद्दलाची सगळी थकबाकी भरावी लागते. हे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले. ‘परवाच दहा हजार भरले होते’ म्हणून निर्धास्त राहिलेल्या माणसाचे खाते म्हणूनच एआरसीकडे गेलेले असते.

त्यानंतर सरफेसीच्या कलम १३(२) ची, साठ दिवसांत सगळे देणे भरा असे सांगणारी नोटीस येते. लोक ती वकिलाकडे देऊन ‘बघू’ म्हणतात. नुसत्या या नोटिशीविरुद्ध कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाता येत नाही, पण तिला लेखी हरकत घेता येते, आणि त्या हरकतीला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर देणे समोरच्यावर बंधनकारक आहे. ही हरकत म्हणजे पुढच्या सगळ्या लढ्याचा पाया. त्यात भावनिक मजकूर लिहू नये. कोणत्या तारखेचे कोणते हप्ते धरलेले नाहीत, कोणता आकार करारात नाही, वकील फी व पहारेकऱ्याचा खर्च कोणत्या बिलावर लावला, दंड व्याज कसे आकारले, एवढेच मुद्द्यांनी लिहावे. बँका आणि वित्त कंपन्यांना नव्या कर्जांसाठी १ एप्रिल २०२४ पासून दंड व्याज लावता येत नाही. दंड आकार लावता येतो, पण तो मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज घेता येत नाही. जुन्या कर्जांनाही जून २०२४ अखेरपर्यंत ही पद्धत लागू करायची होती. कर्ज विकले जाण्याआधीच्या उताऱ्यात दंडाची रक्कम मुद्दलात मिसळलेली सापडली, तर तो मुद्दा आधी मांडावा.

साठ दिवस संपले की ताब्याची कारवाई. आधी कागदोपत्री ताबा, मग जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १४ चा अर्ज, मग तहसीलदार आणि पोलीस बंदोबस्त. कलम १४ मध्ये कर्जदाराचे म्हणणे ऐकण्याची सोय नाही, पण अर्जासोबत एक शपथपत्र लागते. एकूण मागणी किती, तारण वैध आहे, नोटीस बजावली, हरकत आली असल्यास तिचा विचार करून उत्तर दिले, हे सगळे त्यात शपथेवर सांगावे लागते. त्याची नक्कल मागून घ्यावी. हरकतीला उत्तरच दिलेले नसताना ‘उत्तर दिले’ असे लिहिलेले सापडले, तर न्यायाधिकरणात त्याचे वजन मोठे असते. ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत कलम १७ खाली अर्ज करता येतो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी हे न्यायाधिकरण पुण्यात आहे. दिवाणी न्यायालयात दावा लावून हे ४५ दिवस वाया घालवू नयेत, कलम ३४ ने ती वाट बंद केली आहे. कर्जदाराच्या अर्जाला दहा लाखांखालील देण्यासाठी लाखामागे ५०० रुपये फी आहे, म्हणजे आठ लाखांना चार हजार. महिलांना उत्पन्न न पाहता, आणि वार्षिक तीन लाखांच्या आतल्या कुटुंबांना, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

घर सोडवण्याची शेवटची तारीख कोणती, याबद्दलचा जुना समज आता चालत नाही. पूर्वी लिलाव पूर्ण होईपर्यंत पैसे भरता येत. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच सर्व रक्कम भरून तारण सोडवण्याचा हक्क राहतो. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२३ मध्ये तोच अर्थ कायम केला. म्हणजे नातेवाइकांकडून पैसे जमवायचे असतील तर वर्तमानपत्रात लिलावाची जाहिरात येण्याआधी जमवावे लागतात.

सरफेसी कुठे लागत नाही, हेही माहीत असावे. तारण शेतजमीन असेल तर लागत नाही, मात्र सातबाऱ्यावर पीक लिहिले आहे एवढ्याने भागत नाही, जमीन प्रत्यक्ष शेतीच्या वापरात आहे का ते पाहिले जाते. बिगरशेती न करता शेतात बांधलेल्या घरांची वाळवा, तासगाव, खटावकडे कमी नाही, त्यांच्याबाबत हा वाद हमखास उभा राहतो. येणे बाकी मुद्दल व व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी उरली असेल तरी हा कायदा वापरता येत नाही. अठरा वर्षे हप्ते भरून शेवटच्या दोन वर्षांत अडलेल्या माणसाला हे कलम वाचवते, पण ते त्याला कोणी सांगत नाही. साध्या वित्त कंपनीला, म्हणजे गृहवित्त कंपनी किंवा एआरसी नसलेल्या कंपनीला, २० लाखांखालच्या कर्जासाठी सरफेसी वापरता येत नाही. सहकारी बँकांना मात्र येतो. मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मे २०२० मध्ये तो प्रश्न मिटवला. पतसंस्थांचे सगळे वेगळे: त्या रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत नाहीत, सहकार खात्याच्या निबंधकाकडे आहेत, आणि त्यांची वसुली १९६० च्या सहकार कायद्यातील कलम १०१ च्या दाखल्याने होते.

एक मोठी फसवणूक इथे नमूद करावीच लागेल, कारण इथला मालक पूर्णपणे कायद्याच्या बाहेरचा असतो. बँकेची नोटीस आलेल्या घरात कोणी ‘फायनान्सवाला’ येतो. ‘बँकेचे सगळे मी भरतो, घर तुमचेच राहील, फक्त खरेदीखत करून द्या, पैसे फिटले की परत फिरवून देतो.’ बँकेचा बोजा उतरतो आणि घर या माणसाच्या नावावर जाते. तोंडी शब्दाला पुढे किंमत राहत नाही. घर परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच कायदा त्याला मुदत खरेदीचे गहाण मानतो. वेगळ्या साध्या कागदावर किंवा शंभराच्या मुद्रांकावर लिहून घेतलेली हमी त्यासाठी पुरत नाही. असा व्यवहार झालाच असेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करावी. बेकायदा सावकारीतून गेलेली स्थावर मिळकत परत मिळवून देण्याचा अधिकार कलम १८ ने त्यांना दिला आहे, आणि पंधरा वर्षांमागेपर्यंतचे व्यवहार त्यात तपासता येतात. एआरसीशी झगडणे परवडले, तिथे निदान पत्ता आणि नियामक असतो.

कर्ज पूर्ण फिटले किंवा तडजोडीने मिटले तरी काम संपत नाही. तडजोडीच्या पत्रात रक्कम आणि मुदत याशिवाय सहकर्जदार व जामीनदार मोकळे झाले, कागदपत्रे परत मिळतील, हे लिहून घ्यावे. पैसे पत्रात दिलेल्या ट्रस्टच्या किंवा कंपनीच्या बँक खात्यातच भरावेत, वसुली प्रतिनिधीच्या हातात रोख एक रुपयाही देऊ नये. हा प्रतिनिधी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाही. तडजोडीतला एक हप्ता चुकला की बहुतेक पत्रांनुसार सवलत रद्द होते आणि सगळी मूळ बाकी पुन्हा उभी राहते, म्हणून झेपेल तीच तारीख मान्य करावी. फेड झाल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात. उशीर त्यांच्यामुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा १३ सप्टेंबर २०२३ चा आदेश आहे आणि तो एआरसींनाही लागू आहे.

शेवटी अडते ते बोजा उतरवताना. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर नाव असते जुन्या बँकेचे, आणि दाखला असतो ट्रस्टचा. तलाठी कार्यालय किंवा नगर भूमापन कार्यालय म्हणते, ज्या बँकेचा बोजा तिचा दाखला आणा. बँक म्हणते, आम्ही तर कर्ज विकले. घर विकायला काढले किंवा मुलांच्या नावे करायचे ठरले की हा पेच समोर येतो, आणि तोपर्यंत शाखेतले अधिकारी बदललेले असतात. यावर उपाय एकच: कर्ज वर्ग झाले तेव्हाच जुन्या बँकेकडून ‘आमचे या मिळकतीवर काही येणे नाही, सर्व हक्क अमुक यांच्याकडे गेले’ असे शिक्क्यासह पत्र घेऊन ठेवावे.

परदेशातले उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. २००८ च्या संकटात ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक आणि ब्रॅडफर्ड अँड बिंग्ली या कर्जसंस्था सरकारला ताब्यात घ्याव्या लागल्या. त्यांची घरकर्जे पुढे खासगी गुंतवणूक फंडांना विकली गेली. हप्ते गोळा करणारी कंपनी तिथल्या नियामकाच्या ताब्यात, पण व्याजदर ठरवणारा मालक नियमाबाहेर, अशी रचना झाली. नवे कर्ज देण्याचे निकष दरम्यान कडक झाल्याने नियमित हप्ते भरणाऱ्यांनाही दुसरीकडे जाता येईना. त्यांना तिथे घरकर्जाचे कैदी म्हटले जाते. आयर्लंडनेही २०१५ च्या कायद्यात फक्त हप्ते सांभाळणाऱ्या कंपन्यांना नियमात आणले, तेवढ्याने भागत नाही हे पाहून २०१८ मध्ये कर्जाच्या मालकांनाही आणले.

आपल्याकडे विकत घेणारा नोंदणीकृतच लागतो, ही आपली जमेची बाजू. उणीव तक्रारीच्या वाटेत आहे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये एकात्मिक लोकपाल योजना आणली, तेव्हा तिच्यात बँका आल्या, मोठ्या वित्त कंपन्या आल्या, गृहवित्त कंपन्या आणि एआरसी मात्र आल्या नाहीत. गृहवित्त कंपनीची तक्रार राष्ट्रीय आवास बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर करावी लागते, एआरसीची रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक संरक्षण कक्षाकडे. म्हणजे बँकेचा ग्राहक असताना जो लोकपाल होता, तो कर्ज विकले जाताच हातातून सुटतो, आणि हा बदल ग्राहकाने मागितलेलाच नसतो. कर्जासोबत तक्रारीचा हक्कही जसाच्या तसा पुढे गेला पाहिजे.

आमची पहिली मागणी कलम ६ बदलण्याची आहे. ‘योग्य वाटल्यास’ हे शब्द काढावेत. कर्ज वर्ग झाल्यापासून पंधरा दिवसांत जुन्या आणि नव्या दोघांच्या सहीची नोटीस कर्जदाराला त्याच्या भाषेत मिळावी. तिच्यात कट-ऑफ तारखेची बाकी, व्याजदराचा आधार, सेरसाईचा नोंद क्रमांक, विमा व कागदपत्रांची यादी असावी. अशी नोटीस बजावल्याचा पुरावा नसेल, तर जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४ चा अर्ज पुढे नेऊ नये. सांगली, सातारा आणि माढा मतदारसंघांच्या खासदारांनी हा विषय संसदेत मांडावा. केंद्राचा कायदा आहे, तो तिथेच बदलेल.

नवे कर्ज घेणाऱ्यांनी एवढे करावे: १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ (रिटेल) कर्जासोबत मुख्य तथ्य विवरण द्यावे लागते, कर्जदाराला समजेल त्या भाषेत. त्याच्या दुसऱ्या भागात ‘हे कर्ज पुढे अन्य संस्थेकडे वर्ग होऊ शकते का’ असा रकाना आहे, समोर होय किंवा नाही. सही करण्याआधी तो रकाना वाचावा आणि ‘होय’ असेल तर कळवण्याची पद्धत काय, हे शाखाधिकाऱ्यांकडून लिहून घ्यावे. पत्ता बदलला तर तोही लेखी कळवावा. साताऱ्याकडची कितीतरी माणसे नोकरीसाठी मुंबई-पुण्याला असतात, नोटीस गावाकडच्या कुलूपबंद दारावर चिकटवली जाते आणि कायद्याने ती बजावली गेली असे धरले जाते.

आपल्याकडे एक विनंती. ताबा आणि लिलावाच्या नोटिसा एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात छापणे नियमाने आवश्यक असल्याने त्या आपल्याही अंकात येतात. त्यात बहुधा ट्रस्टचे लांबलचक नाव ठळक असते, आणि कर्ज मुळात कोणत्या बँकेच्या कोणत्या शाखेचे होते हे बारीक अक्षरांत किंवा अजिबात नसते. नाव ओळखीचे नसल्याने घरचे माणूस ती जाहिरात वाचूनही पुढे जाते. मूळ बँक, शाखा आणि गाव ही तीन नावे पहिल्या ओळीत घ्यावीत, अशी अट आपल्या जाहिरात विभागाने घातली, तर कायदा बदलेपर्यंत काही घरांना तरी वेळेत कळेल.

आपले,
काही निवृत्त बँक अधिकारी व वकील, सांगली